हिमनदीचे दळण

काशीयात्रा करून आलेली मंडळी गंगाजलाचा गडू आणतात. तो वर्षानुवर्षे देव्हाऱ्यात राहतो, आणि केव्हा फोडलाच तर आतले पाणी नितळ निघते. तेव्हा गंगा निदान उगमापाशी तरी स्फटिकासारखी स्वच्छ असणार, असे आपल्याला वाटते. पण गोमुखापाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर, बर्फाच्या कड्याखालून भागीरथी बाहेर पडते ती तांदळाच्या धुवणासारखी करडी-पांढरी. तीही भर उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना. आपली कृष्णा-गोदावरी गढूळ होते ती मृगाच्या सरींनी शेतातली माती धुऊन नेल्यावर. तिथे वर ना शेत, ना माती. मग हा गढूळपणा आला कुठून?

तो दळून आलेला आहे. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. नावात नदी असली तरी तो बर्फाचा प्रचंड जाड थर. आपल्याच भाराने तो उतारावरून सरकतो, पण इतका हळू की डोळ्यांना कळू नये. नुसता बर्फ खडकाला खरवडू शकत नाही, कारण तो खडकापेक्षा मऊ. पण त्याच्या तळाशी धोंडे रुतलेले असतात, आणि वरच्या भाराने ते खालच्या खडकावर घासले जातात. जात्याची वरची पाळी फिरावी तसेच हे. घरचे जाते गुळगुळीत झाले की पाथरवटाकडून टाकवून घ्यावे लागते. या जात्याला तो खर्च नाही! बर्फ खालच्या खडकाचे नवे तुकडे उपटत जातो, कडेच्या सुळक्यांवरून दरडी कोसळत राहतात, आणि जुने धोंडे झिजले तरी दळायला नवे हजर असतात. या दळणातून निघते ते खडकाचे पीठ. त्यातला पुष्कळसा भाग मैद्याहूनही बारीक असतो. स्तब्ध पाण्यातसुद्धा त्याच्या अगदी सूक्ष्म कणांना एक हातभर खाली बसायला दिवस-दीड दिवस लागतो. मग खळाळत्या भागीरथीत ते कसले बसतात!

या नदीला पूर येतो तो उन्हाच्या हिशोबाने. दुपारी ऊन तापले की बर्फ वितळतो, पाणी भेगांतून तळाशी उतरते, तिथे साठलेले पीठ धुऊन काढते, आणि सायंकाळकडे नदी फुगते. पहाटे ती पुन्हा ओसरलेली. आषाढ-श्रावणात हे दळण सर्वांत जास्त वाहते, आणि हिवाळ्यात जवळजवळ थांबते.

आता एक गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात तरंगणारे पीठ दिसते, पण त्याच पाण्यात खडकाचा काही अंश विरघळलेलाही असतो. खडीसाखरेचा खडा दुधात टाकला तर विरघळायला वेळ लागतो. तीच साखर दळून टाकली तर घटकेत जाते. कारण दळल्याने दुधाला शिवणारा पृष्ठभाग वाढतो. शिक्षक-शिक्षिकांनी हे गणित मुलांकडून करून घ्यावे: एक सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर, त्याचेच शतांश मिलिमीटर बाजूचे ठोकळे केले तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस सेंटिमीटर होतो. हिमनदीखाली नेमके हेच घडते. तिथल्या खडकात चुन्याचा अंश अगदी थोडा असतो, पण दळला गेला की तो उघडा पडतो आणि आधी विरघळतो. गंधक आणि लोखंड यांचे एक पिवळे, चकाकते खनिज असते. त्याला पाणी आणि हवा लागली की सौम्य गंधकाम्ल तयार होते, आणि ते उरलेल्या खडकाला खाऊ लागते. म्हणून या थंडगार पाण्यात चुना आणि त्याच्या जोडीला गंधकाचे क्षार सापडतात. पीठ वाटेत कुठेही थबकू शकते. विरघळलेले मात्र पाणी जाईल तिथे जाते.

पण सगळी गंगा हिमनदीची आहे असे समजू नका, बरे का. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात तिथेसुद्धा वर्षभराच्या पाण्यात बर्फ व हिमनद्यांचा वाटा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका. बाकी पाऊस आणि झरे. पुढे मैदानात तर पावसाचाच कारभार. गाळही दरडींचा आणि पावसाने धुपलेल्या डोंगरांचा फार. या सगळ्या वाटेकऱ्यांचे मिळून गंगा आणि ब्रह्मपुत्रा वर्षाकाठी सुमारे १०० कोटी टन गाळ खाली आणतात, असा अंदाज आहे.

गोमुखापासून समुद्र सुमारे २,५०० किलोमीटर. तिथे पोचल्यावर गाळाचे काय होते, ते घरी पाहता येईल. चिकणमाती पाण्यात ढवळा, जाड कण बसू द्या, आणि वरचे गढूळ पाणी दोन पेल्यांत ओता. पावसाचे धरलेले पाणी असेल तर उत्तम. एका पेल्यात चमचाभर मीठ टाका. मिठाचा पेला आधी निवळतो. सूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटत असतात. मिठाने तो दुरावा मोडतो, कणांचे पुंजके होतात आणि जड होऊन ते तळाशी बसतात. नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात हेच होते. त्रिभुज प्रदेशाची जमीन अशाच गाळाने वाढत आली आहे. तरीही एकूण गाळाच्या सुमारे एक तृतीयांश भाग तिथेही थांबत नाही. समुद्रतळावरच्या एका खोल घळीतून तो आणखी दक्षिणेला उतरतो. बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्याचा पंखा पसरला आहे, सुमारे ३,००० किलोमीटर लांब, श्रीलंकेच्याही दक्षिणेला गेलेला. २०१५ साली शास्त्रज्ञांनी तिथे जहाजावरून तळाला वेध घेतले, तेव्हा हिमालयाचीच वाळू आणि माती वर आली.

आपली गंगा समुद्रापासून लांब उगवते. हिमनद्यांचे पाणी थेट समुद्रात जाताना पाहायचे तर उत्तरेला ग्रीनलंड बेटावर जावे लागेल. जगातल्या नद्या समुद्राला जे गोडे पाणी देतात त्यात ग्रीनलंडचा वाटा सुमारे १ टक्का. पण तरंगत्या गाळात तो सुमारे ८ टक्के, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. जात्याचा जोर यावरून कळावा. त्या गाळाबरोबर लोहही जाते, आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना लोह हवेच असते. मासे अखेर त्यांच्याच जिवावर जगतात.

हिमालयात या व्यवहाराची दोन्ही टोके सध्या हलली आहेत. गंगोत्री हिमनदीचे टोक १९३५ पासून मोजले जात आहे, आणि ते मागे हटते आहे, वर्षाला सरासरी सुमारे २० मीटर. मागे उरते ते सुटे दगड आणि पीठ, पहिल्या जोरदार पाण्याबरोबर निघायला तयार. उत्तरकाशीच्या वीजघरांना हे चांगले ठाऊक आहे: गाळातले गारेचे कण यंत्रांची पाती झिजवतात, म्हणून गाळ फार वाढला की यंत्रे बंद ठेवावी लागतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात बर्फासह कडाच कोसळला. ऋषिगंगेच्या खोऱ्यातून चिखलाचा लोंढा गेला, दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्या लोंढ्याचे बारीक पीठ आठवडाभराने दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात दिसू लागले.

वर सुटा गाळ वाढतो, आणि खाली मात्र तो पोचायला अडचण. भागीरथीवर टिहरीचे धरण २००६ साली पुरे झाले. वरून आलेला बराचसा गाळ त्याच्या जलाशयातच बसतो. म्हणून पावसाळ्यात देवप्रयागला अलकनंदा गढूळ आणि भागीरथी हिरवट दिसते. खाली बंगालात १९७५ पासून फराक्क्याचा बंधारा आहे. धरणांनी वीज दिली, पाणी दिले, हे खरेच. पण धरण बांधताना गाळाचा हिशेब मांडला जातो तो जलाशय किती वर्षांत भरेल एवढ्यापुरता. तो गाळ ज्यांच्या पायाखालची जमीन होणार होता, त्यांचे खाते त्यात नसते. गाळाची जमीन आपल्याच भाराने खचत असते. नवा थर मिळाला नाही आणि समुद्र चढत राहिला, तर ती बुडते. हुगळीच्या मुखाशी घोडामारा नावाचे बेट आहे. गेल्या काही दशकांत लाटांनी आणि प्रवाहाने खाऊन ते निम्म्यावर आले आहे. तिथली पुष्कळ कुटुंबे शेजारच्या सागर बेटावर राहायला गेली. मकरसंक्रांतीला गंगासागरची यात्रा भरते, तेच हे बेट.