झोप मोडणारी पानं

घोटावड्यात पावसाळी वाऱ्याने वीज गेली, की माझ्या जुन्या लॅपटॉपचा जीव टांगणीला लागतो. दोन जीबी मेमरी आणि थकलेली बॅटरी. (1921 मध्ये ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्या मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते. तालुका आमचाच.) दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना शेवटच्या पानावर यंत्र बंद पडलं, आणि मुदत त्याच रात्री संपली. ब्राउझर वीज नेमकी कुठे खातो, हे शोधायला मी तेव्हापासून बसलो. संगणकाचं शिक्षण नाही. पॉवरटॉप हे मोफत साधन आणि एक वही, एवढंच भांडवल.

पहिला समज चुकीचा निघाला. मी उघडी पानं मोजत होतो. खरं पाहता प्रोसेसर काम उरकून गाढ झोपला, की खर्च एकदम उतरतो. पानातली जावास्क्रिप्ट त्याला पुन्हा पुन्हा उठवते: जाहिरात बदल, आकडा ताजा कर, वाचक कुठवर आला ते कळव. तान्हं मूल असलेल्या घराला हे वेगळं सांगायला नको. म्हणून वीस शांत पानांपेक्षा बातम्यांचं एक चुळबुळं पान महाग पडू शकतं. 2021 मध्ये क्रोमच्या 88व्या आवृत्तीत यावर इलाज आला: पाच मिनिटं नजरेआड राहिलेल्या पानातले बरेचसे टायमर मिनिटाला एकदाच जागे होऊ लागले. समोरच्या पानाला हा नियम नाही. तिथे मी फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन बसवलं. जाहिराती उतरतच नाहीत, मग त्यांची जावास्क्रिप्ट तरी कुठून चालणार?

व्हिडिओची गोष्ट निराळी. माझ्या यंत्रात एच.264 हा प्रकार उलगडणारी खास यंत्रणा चिपमध्येच आहे. यूट्यूब मात्र बहुधा व्हीपी9 पाठवतं. त्यासाठी तशी सोय नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर. एच264इफाय हे छोटं एक्स्टेंशन जुना प्रकारच मागवतं. ते बसवलं त्या संध्याकाळी पंखा थांबला, तेव्हा मला वाटलं यंत्रच बिघडलं.

मेमरीसाठी लिनक्समधलं झेडरॅम पुरलं. ते न लागणारा मजकूर मेमरीतच दाबून ठेवतं.

यंदा त्या मुलीच्या धाकट्या भावाचा अर्ज याच यंत्रावर भरला. वीज गेलेलीच होती. पावती छापायला तेवढं पिरंगुटला जावं लागलं.