मोबाइलवरील मेंढीकोट

सातारा-सांगलीकडील पारावर किंवा ओसरीवर दुपारचे चौघे जण पत्ते घेऊन बसले, कीं तो डाव पुष्कळदां मेंढीकोटाचा असतो. तो नुसत्या पत्त्यांनीं खेळला जातो असें मात्र म्हणवत नाहीं. भिडूनें घसा खाकरला, पान उगीच जोरानें आपटलें, मिशीवरून हात फिरविला, कीं त्याचा अर्थ समोरच्याला बरोबर कळतो; प्रतिपक्षालाही तो कळतो, हा भाग निराळा! हाच खेळ आतां मोबाइलच्या पडद्यावर आला आहे, आणि पारावरचे नाणावलेले खेळाडू तेथें हार खाऊं लागले, कीं यंत्राला बोल लावतात. वस्तुतः ज्या दोन गोष्टींच्या आधारें ते जिंकत आले, त्या दोन्ही पडद्यावर नाहींशा झालेल्या असतात: एक खुणा, आणि दुसरी कच्ची पिसणी.

खेळाची मांडणी परिचयाचीच आहे. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकास १३ पानें. चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या; त्यांपैकीं तीन मिळविणारी जोडी जिंकते, चारही मिळाल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारा पक्ष जिंकतो. दश्शीच्या वर एक्का, राजा, राणी व गुलाम आहेत. म्हणजे ज्या पानावर सारा डाव अवलंबून, तेंच पान स्वतःच्या बळावर क्वचितच हात करतें. खेळाची गोडी ह्या विसंगतींत आहे.

प्रथम पिसणीचें पाहूं. घरगुती डावांत एका हाताचीं चार पानें, बहुधा एकाच रंगाचीं, एकमेकांस चिकटून राहतात. घाईनें दोनदां पिसून पांच-पांच, चार-चार अशीं वांटलीं, कीं तीं तशींच एखाद्याच्या पदरांत पडतात. म्हणून पारावर एकाला सात बदाम आणि दुसऱ्याला एकही नाहीं, असें वारंवार घडतें. कॅटचे दोन भाग करून ते एकमेकांत मिसळावयाचे, असें सुमारें सातदां केलें म्हणजे ५२ पानें पुरेशीं मिसळतात, असें बेयर व डायकोनिस ह्या गणितज्ञांनीं १९९२ सालीं दाखविलें. इतका धीर कोणत्या पाराला आहे? चांगलें ॲप मात्र प्रत्येक वेळीं पक्का पिसलेला कॅट वांटतें. त्यांत चार-चार-तीन-दोन ही वांटणी सर्वांत अधिक, शंभरांत २१-२२ वेळां, येते. एका रंगाचीं आठ किंवा अधिक पानें हातीं येण्याचा योग दोनशें डावांत एखादा.

ह्याचा उपयोग मेंढी टाकतांना होतो. समजा, हातांत बदामाचीं चार पानें आहेत व त्यांत दश्शी आहे. भिडूनें बदामाचा एक्का उतरला, डावीकडच्यानें बदाम दिला. शेवटच्या प्रतिपक्ष्याजवळ बदाम मुळींच नसण्याचा संभव शंभरांत सुमारें तीन. दश्शी येथेंच टाकावी. पारावरच्या संवयीनें ती राखून ठेवली आणि दुसऱ्या फेरीस भिडूच्या राजावर टाकली, तर तोच धोका सोळांपर्यंत चढतो. कंजूषपणानें राखलेली मेंढी बहुधा परक्याच्या दावणीला जाते.

कट हुकुमाच्या प्रकारांत, मागितलेला रंग ज्याच्याजवळ प्रथम नसेल, तो टाकील त्या पानाचा रंग हुकूम होतो. येथें लांब रंगाची उतारी करण्याचा मोह अनावर असतो, आणि तीच मोठी चूक होय. सहा किलवर असलेल्यानें किलवर उतरत राहिल्यास उरलेल्या तिघांपैकीं कोणी तरी लवकरच रिकामा होतो. त्या तिघांत दोघे प्रतिपक्षाचे! उलट, एकटें पडलेलें हलकें पान आधीं उतरून टाकावें, म्हणजे पुढच्या वेळीं आपल्याच लांब रंगाचा हुकूम करण्याची संधि मिळते.

खुणांचें काय? पडद्यावर भिडू कऱ्हाडचा कीं परमुलखांतला हेंही कळत नाहीं. तेथें बोलावयाचें तें पानानेंच. भिडूनें ज्या रंगाची उतारी केली तो रंग हात मिळतांच त्याला परत करावा. नको असलेल्या रंगाचें सर्वांत हलकें पान फेकावें. आणि हा अर्थ डाव संपेपर्यंत बदलूं नये. दोघां मित्रांनीं शेजारीं बसून पानें सांगावयाचीं आणि परक्यांना हरवावयाचें, ह्याला खेळ म्हणत नाहींत.

सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं बुद्धिबळाची जी परंपरा रुजविली, तींत भाग्यश्री साठे-ठिपसे ह्यांच्यासारख्या राष्ट्रीय विजेत्या निपजल्या. बुद्धिबळांत सारीं मोहरीं डोळ्यांपुढें असतात. पत्त्यांत ३९ पानें झांकलेलीं असतात आणि गेलेलीं पानें पडदा लगेच पुसून टाकतो. सर्व ५२ पानें लक्षांत ठेवण्याचें कारण नाहीं. चार दश्श्या, त्यांवरचीं सोळा पानें, आणि किती हुकूम पडले एवढा आंकडा पुरे.

पैशाचा प्रश्न येथें टाळतां येत नाहीं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं म्हटलें होतें, आणि पुढें मोबाइलवरील रमीच्या जाहिरातींनीं तें कौशल्य शब्दशः घरोघर विकलें. संसदेनें २०२५ सालीं केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मनाई केली. मेंढीकोटाला पैशाची गरज कधींच नव्हती. कोट चढलेल्या जोडीची चेष्टा हीच त्याची पुरेशी शिक्षा आहे.

मेंढ्या दोन-दोन झाल्यावर मात्र पुष्कळ जण डाव संपल्यासारखे हात सैल सोडतात. खरी मोजदाद तेथून सुरू होते. बारा हात सहा-सहा झाले, तेरावा उरला, आणि बारा हुकूम पडून गेले आहेत हें ज्यानें मोजलें आहे, तो हुकमाची दुर्री हातांत धरून दुसऱ्याचा एक्का खुशाल पडूं देतो.