अंडी बंद झाली, दोष कोणाचा?

तुमच्या घरी किंवा शेजारी गावठी कोंबड्या असतील, तर पुढचा प्रसंग तुम्ही नक्की पाहिला असेल. दिवसाआड अंडे घालणारी कोंबडी एकाएकी अंडी देणे बंद करते. आठवडा जातो, पंधरवडा जातो. मग घरातले कोणीतरी म्हणते, "हिला आता फुकट दाणे कशाला घालायचे? येत्या रविवारी रस्सा करून टाकू!"

झाला निकाल! पण कोंबडीची बाजू कोणी ऐकली का? तिला बोलता येत नाही. तिच्या शरीरात काय चालते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तिची बाजू मांडता येईल. तर मग चला, आज आपणच तिची वकिली करू.

सव्वीस तासांची पाळी

प्रथम एक गैरसमज दूर करू. अंडे घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला हवे असेल, तरच कोंबडा लागतो.

कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचे अंडाशय तेवढे कामाचे असते. उजव्या बाजूचे अंडाशय ती स्वतः अंड्यात असतानाच खुंटते. डाव्या अंडाशयात लहानमोठे पिवळे बलक द्राक्षांच्या घोसासारखे लटकलेले असतात. त्यांतला सर्वांत मोठा, पूर्ण वाढलेला बलक सुटतो आणि अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तेथून त्याचा प्रवास सुरू होतो. सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक जमतो. पुढच्या तास-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे चढतात. शेवटी अंडे कवचग्रंथीत येते आणि तेथे मात्र तब्बल २० तास मुक्काम करते. एवढा वेळ लागतो तो कवच तयार व्हायला.

हे सारे मिळून २४ ते २६ तास होतात. अंडे बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. म्हणजे आपला दिवस २४ तासांचा, पण कोंबडीची पाळी त्याहून लांब! म्हणून आज सकाळी सातला अंडे मिळाले, तर उद्या आठला किंवा नऊला मिळते. असे सरकत सरकत दुपार झाली की कोंबडी एक दिवस सुट्टी घेते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. तुम्ही वहीत रोजची वेळ टिपून ठेवलीत, तर हे तुम्हाला स्वतःच पडताळून पाहता येईल. तेव्हा एखाद्या दिवशी अंडे मिळाले नाही, तर तो कोंबडीचा आळस नव्हे.

हुकूम कोण सोडतो?

बलक केव्हा वाढवायचा, केव्हा सोडायचा, हे ठरवतात संप्रेरके. इंग्रजीत त्यांना हार्मोन म्हणतात. शरीरातील काही ग्रंथी ही रसायने थेट रक्तात सोडतात आणि ती दूरच्या अवयवांना निरोप पोचवतात. गंमत अशी की, या निरोप्यांचा पहिला सुगावा शास्त्रज्ञांना लागला तो कोंबड्यांमुळेच! १८४९ साली जर्मनीतील गटिंगन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा तरुण कोंबड्यांची वृषणे काढली. त्यांतील काहींना ती परत दिली, पण पोटात भलत्याच जागी बसवली. ज्यांना वृषणे परत मिळाली नाहीत, त्यांचा तुरा खुरटला आणि आरवणे थांबले. ज्यांना ती परत मिळाली, ते नेहमीच्या कोंबड्यांसारखेच वाढले. जुन्या जागेच्या मज्जातंतूंशी संबंध तुटला होता, तरीही निरोप पोचत होता. अर्थात, तो रक्तातून जात असला पाहिजे.

कोंबडीत या कामाची सुरुवात होते उजेडापासून. दिवस मोठा झाला की प्रकाश कवटीतून झिरपून मेंदूच्या तळापर्यंत पोचतो. हो, डोळ्यांतूनच नव्हे, कवटीतूनसुद्धा! फ्रान्सचे झाक बन्वा यांनी १९३० नंतरच्या दशकात बदकांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. तेथील प्रकाशसंवेदी पेशी जाग्या झाल्या की मेंदू खालच्या पोष ग्रंथीला इशारा देतो. पोष ग्रंथी दोन संप्रेरके सोडते. एक बलकांना वाढवते, तर दुसरे पिकलेला बलक सोडायला लावते. मग अंडाशय स्वतःची संप्रेरके तयार करते. त्यांतील इस्ट्रोजेनचे काम पुढे पाहूच.

महाराष्ट्रात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. म्हणून दिवाळीनंतर बऱ्याच कोंबड्यांची अंडी कमी होतात. याच सुमारास पुष्कळ कोंबड्या जुनी पिसे टाकून नवी घेतात. पिसे प्रथिनांची बनलेली असतात, तेव्हा प्रथिने पिसांकडे वळतात आणि अंडी थांबतात. मोठ्या पोल्ट्रीत दिवे लावून उजेड १४ ते १६ तासांपर्यंत का वाढवतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

आणखी एक संप्रेरक आहे, प्रोलॅक्टिन. खुडूक कोंबडी तुम्ही पाहिली आहे ना? पिसे फुलवून ती अंड्यांवर बसून राहते, जवळ गेले की टोचते, दाणेही धड खात नाही. पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की तिच्या रक्तातील प्रोलॅक्टिन वाढते आणि त्यामुळे नवा बलक सोडण्याचा हुकूम दबतो. २१ दिवस एका जागी बसून पिल्ले काढायची, तर नवी अंडी घालून कसे चालेल? लेगहॉर्न जातीत ही सवय निवडपद्धतीने जवळजवळ घालवली आहे. गावठी कोंबडीत मात्र ती शाबूत आहे.

कोठारात माल आहे का?

हुकूम सुटला, पण कोठार रिकामे असेल तर? लेगहॉर्न कोंबडीचे वजन सुमारे दीड किलो असते. वर्षाला ३०० अंडी म्हणजे सोळा किलोंहून अधिक माल झाला! स्वतःच्या वजनाच्या दहापट!

इस्ट्रोजेन यकृताला सांगते, "बलकासाठी प्रथिने आणि मेद तयार कर." हा माल रक्तातून अंडाशयात जातो. त्यासाठी खाद्यात पुरेशी प्रथिने लागतात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात ती १६ ते १८ टक्के असावी लागतात. नुसती तांदळाची कणी आणि कोंडा घातला, तर पोट भरते पण प्रथिने कमी पडतात. मोकळी कोंबडी उकिरडा उकरते, किडे आणि वाळवी टिपते, ती हीच तूट भरून काढायला.

आता कवचाचा हिशेब पाहू. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या साऱ्या हाडांत मिळून ते जेमतेम २० ग्रॅम असते. म्हणजे प्रत्येक अंड्याबरोबर सांगाड्याच्या दहाव्या हिश्शाइतके कॅल्शियम बाहेर जाते! त्यातून कवच बनते मुख्यतः रात्री, कोंबडी झोपलेली असताना. मग ते आणायचे कोठून? इस्ट्रोजेनने ही सोय आधीच केलेली असते. त्याच्या प्रभावाने कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास, चटकन विरघळणारे हाड तयार होते. रात्री त्यातून उसनवारी करायची आणि दिवसा खाद्यातून फेड करायची. फेड करताना आतड्यातून कॅल्शियम रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागते. ते कोंबडीच्या कातडीत, विशेषतः पिसे नसलेल्या पायांच्या कातडीत, उन्हाने तयार होते.

फेड झाली नाही, तर पहिली खूण दिसते ती अंड्यावर. कवच पातळ होते. कधी नुसत्या पापुद्र्यातले, कवच नसलेले मऊ अंडे मिळते. तरीही कोंबडी काही दिवस स्वतःची हाडे झिजवून अंडी देत राहते. हाडे ठिसूळ होतात, पाय लुळे पडतात. खाद्य फारच तुटले, तर मेंदूचे हुकूम मंदावतात, अंडाशय आकसते आणि अंडी बंद होतात. तिचे शरीर आधी स्वतःचा जीव वाचवते. उलट, नुसता मका चारून कोंबडी लठ्ठ झाली तरी अंडी घटतात, हेही ध्यानात ठेवा.

निकालाआधी तपासणी

आता रविवारच्या आत तुम्ही काय कराल?

कोंबडीचा तुरा पाहा. लाल, टवटवीत तुरा म्हणजे अंडाशय कामावर आहे. मग कदाचित ती गवतात किंवा सरपणामागे कोठे तरी चोरून अंडी घालत असेल! तुरा फिका आणि आकसलेला असेल, तर काम थांबले आहे. आता कारण शोधा. पिसे झडत आहेत का? मग काही आठवडे थांबा. खुडूक बसली आहे का? तिच्याखालची अंडी काढा, नाही तर सरळ पिल्ले काढू द्या. दिवस लहान आहेत का? संक्रांतीनंतर उजेड वाढेल. दाण्यात नुसता कोंडा आहे का? थोडी शेंगदाण्याची पेंड किंवा सुकटीचा चुरा मिसळा. अंडी मऊ येत होती का? शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा. जाड कण पोटात सावकाश विरघळतात आणि रात्री कामी येतात. अंड्यांची टरफले घालायची असतील, तर ती उकळून, वाळवून, बारीक कुटूनच घाला. नाही तर कोंबडीला स्वतःची अंडी फोडून खाण्याची खोड लागेल.

एवढे करूनही अंडी आली नाहीत, तर ती म्हातारी किंवा आजारी असू शकेल. पण बहुतेक वेळा तुम्हाला दिसेल की कोंबडी आपले काम विसरलेली नाही. उजेड, दाणा किंवा विश्रांती, यांपैकी काहीतरी तिला मिळालेले नाही. ते मिळाले की एखाद्या सकाळी डालगे उचलताच खाली कोमट अंडे सापडेल. ते पहिले अंडे घरातल्या त्या निकाल देणाऱ्या मंडळींच्या हातावर नेऊन ठेवायला मात्र विसरू नका!