जुने सोल्डर की नवे? कारागिरांनी कोणते वापरावे

साक्री तालुक्यातील पिंपळनेरसारख्या बाजाराच्या गावी रेडिओ, टीव्ही, इन्व्हर्टर, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या बांधवांसमोर आज दोन प्रकारचे सोल्डर असते. जुने कथील व शिशाचे, नवे बिनशिशाचे. यांतले कोणते कोठे वापरावे, हे आपण पाहू.

जुन्यात कथील व शिसे यांचे प्रमाण ६०/४० किंवा ६३/३७ असते. ६३/३७ चे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते व निवताच एकदम घट्ट होते. म्हणून टाका चटकन व चकचकीत बसतो. नव्यात बहुतेक कथीलच, जोडीला थोडे तांबे आणि काहींत ३ टक्के चांदी. त्याला २१७ ते २२७ अंश उष्णता लागते. त्याचा टाका मुळातच मंद दिसतो. तेवढ्यावरून तो कच्चा समजू नये.

युरोपात १ जुलै २००६ पासून व आपल्याकडे १ मे २०१४ पासून नव्या विद्युत मालात शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा आली. काही वस्तूंना सवलत असली, तरी नवा माल बनवून विकणाऱ्याने बिनशिशाचेच घ्यावे. जुन्या सेटच्या दुरुस्तीला मात्र ६३/३७ सोयीचे. नव्या बोर्डावर काम करताना आधीचे सोल्डर वेणीने टिपून घ्यावे. दोन्हींची भेसळ करू नये.

जुने पडून राहिलेले रीळ वाया जात नाही. वरचा काळपट थर पुसावा. आतली राळ निकामी झाली असेल, तर वेगळी राळ लावावी. पण कल्हईचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचे अॅसिड बोर्डावर कधीही लावू नये. आज टाका बसतो, पुढे तार गंजते, गिऱ्हाईक परत येते आणि दुकानाचे नाव जाते.

शिशाचा धोका धुरापेक्षा हाताला अधिक आहे. सोल्डरच्या धुराचा त्रास राळेचा असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. शिसे बोटांवाटे पोटात जाते व लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. चहा, जेवण, विडी यांपूर्वी साबणाने हात धुवावेत. घरातच दुकान असेल, तर मुलांना टेबलाजवळ येऊ देऊ नये. शिशाचे सोल्डर जेवणाच्या भांड्याला लावू नये. तेथे शुद्ध कथलाचीच कल्हई हवी.

रीळ घेताना त्यावरचे प्रमाण वाचावे. प्रमाण छापलेले नसेल, तर ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.