लॅपटॉप मेला नाही, तो कुठे अडला ते बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची वाट ठेवली आहे, पण तीही नाव नोंदवणाऱ्यांनाच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा. २०१३-१४ साली घेतलेला लॅपटॉप त्यात बसत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या काशीदमध्ये हा प्रश्न शहराइतकाच खरा आहे. किनाऱ्यामागच्या वाड्यांत ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत, त्यांच्याकडे लॅपटॉप हौसेसाठी नसतो. शनिवार-रविवारचं बुकिंग, बिलं, परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद, अशी कामं त्याच्यावर चालतात. म्हणून कुणीतरी भाचा किंवा शेजारचा मुलगा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सची सिस्टीम टाकून देतो. ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झालं’ असं पडद्यावर येतं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला जातो आणि समोर काळा पडदा उभा राहतो. लगेच निकाल लागतो: मदरबोर्ड गेला. मग रेवदंड्याचा पूल ओलांडून तीसेक किलोमीटरवरचं अलिबाग गाठायचं, नाहीतर लॅपटॉप भंगारात द्यायचा.

बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. लॅपटॉप सुरू होणं ही एक क्रिया नाही, एकामागून एक घडणाऱ्या चार-पाच क्रियांची साखळी आहे. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. ते प्रोसेसर, रॅम, पडदा तपासतं आणि कंपनीचा लोगो दाखवतं. मग ते डिस्कवर बूटलोडर नावाचा छोटा कार्यक्रम शोधतं. लिनक्समध्ये तो बहुधा ग्रब असतो. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा रॅममध्ये आणतो, गाभा पडदा, कीबोर्ड, वायफाय यांचे ड्रायव्हर उठवतो आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो. साखळी कुठल्या कडीपाशी थांबली हे कळलं की दोष कुणाचा हे निम्मं कळतं. म्हणून पहिला प्रश्न एकच: कंपनीचा लोगो दिसतो का?

‘नवीन सिस्टीम टाकली, त्यानेच मदरबोर्ड जळला.’ हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर लिहिली जाते, मदरबोर्डवर नाही. फर्मवेअरमध्ये ती फार तर स्वतःच्या बूटची एक नोंद टाकते. लोगो दिसत असेल, एफ २ किंवा डिलीट दाबून सेटिंगचा पडदा उघडत असेल, तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आपलं काम करत आहेत. त्यानंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ असं आलं, तर फर्मवेअरला बूटलोडर सापडलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. सिस्टीम बहुधा डिस्कवर जशीच्या तशी बसलेली असते.

ती सापडत का नाही, यामागे जुन्या लॅपटॉपांत एक कारण वारंवार निघतं. बूट करण्याच्या पद्धती दोन आहेत. जुन्या, लेगसी पद्धतीत डिस्कच्या पहिल्याच सेक्टरवरून सुरुवात होते. यूईएफआय पद्धतीत डिस्कवर एक लहान स्वतंत्र भाग लागतो आणि बूटलोडरची फाइल त्यात असते. २०१० ते २०१५ च्या सुमाराचे बरेच लॅपटॉप दोन्ही पद्धती जाणतात, आणि घोळ तिथेच होतो. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला, सिस्टीम त्याच पद्धतीने बसली, पण सेटिंग दुसऱ्या पद्धतीवर राहिलं, की लॅपटॉपला समोरची सिस्टीम दिसत नाही. सेटिंगमध्ये ‘बूट मोड’ बदलून बघा. तेवढ्यानेच सुरू झाला तर बाकी काही करू नका. काही जुन्या मॉडेलांचं फर्मवेअर विंडोजच्याच नावाची नोंद शोधतं आणि दुसऱ्या सिस्टीमकडे ढुंकूनही बघत नाही. तिथे सेटिंगमध्ये जाऊन नवी नोंद हाताने निवडावी लागते.

सेटिंगला हात लावण्याआधी एक काळजी घ्या. डिस्कवर विंडोज शिल्लक असेल आणि ती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सिक्युअर बूट किंवा टीपीएमचं सेटिंग बदलल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर आतले फोटो आणि हिशेब कुठलाही दुकानदार बाहेर काढू शकणार नाही.

‘खारी हवा लागली, संपला लॅपटॉप.’ समुद्रकाठच्या माणसाला हे पटकन पटतं, कारण गंजलेल्या खिडक्या, कुलुपं आणि पंखे तो रोज बघतो. मीठ आणि दमट हवा धातूचे संपर्क खातात हे खरंच आहे. पण त्या बिघाडाची खूण वेगळी. रॅमच्या संपर्कांवर थर चढला की पंखा फिरतो, दिवे लागतात, कधी बीप वाजतात किंवा कॅप्सलॉकचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकतो, पण लोगो येत नाही. तो बिघाड नवी सिस्टीम टाकण्याशी बांधलेला नसतो. जुनी सिस्टीम असती तरी झाला असता. अशा वेळी चार्जर आणि बॅटरी सुटी करून रॅम काढायची, तिचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचे आणि ती परत घट्ट बसवायची. हात बसलेला नसेल तर हे काम दुकानात द्यावं. लोगो नीट दिसत असताना मात्र खाऱ्या हवेला दोष देऊन खऱ्या कारणाकडे दुर्लक्ष होतं.

समुद्रकाठचा आणखी एक प्रश्न आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पावसाळ्यात पाहुणे कमी होतात आणि लॅपटॉप महिनोन् महिने बंद पडून राहतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा तर या पट्ट्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीजच नव्हती. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. घड्याळ आणि बायोसची सेटिंग सांभाळणं हे त्याचं काम. मुख्य बॅटरी उतरलेली असली की सगळा भार त्याच्यावर येतो, आणि दहा वर्षांत तो संपतोच. मग प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि बूट मोड मूळ स्थितीला परततो. काल दुरुस्त केलेला लॅपटॉप आज पुन्हा अडतो आणि माणूस नव्या सिस्टीमला शिव्या घालतो. तारीख मागे असली की ब्राउझर सुरक्षेचा इशारा देतो, बुकिंगची साइट उघडत नाही, अपडेट नाकारले जातात. लॅपटॉप सुरू होताच तारीख चुकलेली दिसली तर आधी हा सेल बदला. तो स्वस्त असतो. जुना काढून दुकानात दाखवा, कारण काही मॉडेलांत तो वायर आणि छोट्या जोडणीसकट येतो.

लोगो येतो, ग्रबची यादीही येते आणि मग काळोख होतो, ही तऱ्हा निराळी. ‘पडदा गेला’ असं लोक म्हणतात, पण पडदा गेला असता तर लोगो कसा दिसला असता? इथे बहुधा ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर अडलेला असतो. वेगळी एनव्हिडिया चिप असलेल्या लॅपटॉपांत हे जास्त होतं. ग्रबच्या यादीत सिस्टीमच्या नावावर थांबून इंग्रजी ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द छोट्या इंग्रजी अक्षरांत, एकसंध टाइप करा आणि एफ १० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे काही बिघडण्याची भीती नाही. लॉगिन आलं की योग्य ड्रायव्हर बसवायचा.

‘पेनड्राइव्हवर फाइल कॉपी केली तरी तो बूट होत नाही, म्हणजे यूएसबी पोर्ट खराब.’ नाही. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बॅलेना एचरसारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. फाइल काही जीबींची असते आणि मोबाइलच्या डळमळीत रेंजवर ती अर्धवट किंवा खराब उतरू शकते. संकेतस्थळावर फाइलसोबत एसएचए-२५६ नावाची लांबलचक खूण दिलेली असते, ती जुळवून बघा. खराब फाइलवरून बसवलेली सिस्टीम कधी चालते, कधी अडते, आणि त्यात दोन दिवस जातात.

‘जुना म्हणजे ३२-बिट’ हेही सरसकट खरं नाही. २००६ साली आलेला इंटेलचा कोअर टू ड्युओसुद्धा ६४-बिट होता. कमी रॅम असल्यामुळे त्यावर अनेकदा ३२-बिट विंडोज बसवली जायची, आणि लोक सिस्टीमवरचा आकडा यंत्राचा समजतात. उबुंटूने २०१७ मध्ये ३२-बिट डेस्कटॉप प्रत देणं बंद केलं, त्यामुळे आधी प्रोसेसरचं नाव बघून मगच फाइल उतरवा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज शेवटी सांगतो: ‘अडला? परत फॉरमॅट मार.’ वर सांगितलेले बहुतेक बिघाड सेटिंगचे, सेलचे नाहीतर ड्रायव्हरचे आहेत. फॉरमॅटने त्यातला एकही बरा होत नाही. जातात ती मुलांची छायाचित्रं, पाहुण्यांचे फोन नंबर, तीन वर्षांचे हिशेब. आणि हार्डडिस्कच खराब होत आली असेल, म्हणजे इन्स्टॉलेशनला तासन् तास लागले, सुरू व्हायला पाच-सात मिनिटं जातात, आतून टक्-टक् आवाज येतो, तर पुन्हा पुन्हा लिहिण्याने ती लवकर जाते. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला की सिस्टीम न बसवताही लॅपटॉप त्यावरून चालवता येतो. तिथल्या ‘डिस्क्स’ या साधनात डिस्कची तब्येत बघा, आणि ती वाचता येत असतानाच कामाच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्या. लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवर ‘बूट रिपेअर’ आहे. विंडोजच्या पेनड्राइव्हवरही दुरुस्तीचा पर्याय असतो. फॉरमॅटच्या आधी हे दोन्ही वापरून बघायला हवेत. डिस्क खरोखरच गेली असेल तर तिच्या जागी साधी एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपला वेग देणारा याहून परिणामकारक खर्च मला माहीत नाही.

दुकानात जावंच लागलं तर जाण्याआधी तीन गोष्टी करा. लोगो येतो की नाही ते लिहा, पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलने फोटो काढा आणि घड्याळ कुठली तारीख दाखवतं ते बघा. आणि माझ्या फाइली काढून झाल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही, हे काउंटरवरच स्पष्ट सांगा.