कळफलकाची खोटी साक्ष

सोलापूरकरांना उभ्या-आडव्या धाग्यांविषयी सांगणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाच्या देवळाची वाट सांगण्यासारखे आहे. तरी ते धाडस आम्ही करणार आहोत. कारण संगणकाच्या कळफलकाचे अंतरंग समजून घ्यायला मागावरच्या ताण्याबाण्याइतका सोपा दृष्टान्त दुसरा नाही. त्या अंतरंगात एक दोष दडलेला असतो, आणि त्यामुळे माणसाने न लिहिलेले अक्षर त्याच्या नावावर चढू शकते.

कोणी विचारील, कळ दाबल्याशिवाय अक्षर उमटेल कसे? एकेक कळ दाबून लिहिणाऱ्याला हा अनुभव सहसा येत नाही. पण अनेक कळा एकदम दाबणे ज्यांना भागच आहे, त्यांचे काय? असे लिहिणारे लोक आहेत, आणि ते म्हणजे ब्रेल लिपीत लिहिणारे आपले अंध बांधव.

ब्रेलमधील प्रत्येक अक्षर सहा टिंबांतून घडते. आपल्या देशातील भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली निश्चित झाली. त्याच वर्षी अमेरिकेत पर्किन्स ब्रेल यंत्राचे उत्पादन सुरू झाले. त्यात सहा टिंबांच्या सहा कळा असतात. अक्षराला लागतील तेवढ्या एकदम दाबायच्या. प्रत्येक कळीची यंत्रणा स्वतंत्र असल्याने जे दाबले तेच टिंब कागदावर उठते. आज हीच बोटांची सवय संगणकावर वापरता येते. योग्य ती आज्ञावली चालू केली की एफ, डी, एस या कळा पहिले, दुसरे, तिसरे टिंब होतात आणि जे, के, एल या चौथे, पाचवे, सहावे.

आता 'लाल' हा साधा शब्द घ्या. 'ल' म्हणजे टिंबे १, २, ३. त्यात चौथे टिंब मिसळले की 'प' होतो. म्हणजे कळफलकाने दोन्ही वेळा न दाबलेली चौथी कळ दाबली असे सांगितले, तर 'लाल'चे 'पाप' होते! लिहिणाऱ्याच्या बोटांकडून काडीचीही चूक झालेली नसते.

हे घडते कसे? कळफलकावर शंभराच्या वर कळा असतात. प्रत्येकीला स्वतंत्र तार द्यायची तर तारांचे जंजाळ होईल. म्हणून ८ आडव्या आणि १६ उभ्या तारा चादरीच्या धाग्यांप्रमाणे एकमेकींवरून नेतात. २४ तारांत १२८ छेद मिळतात, आणि एकेका छेदावर एकेक कळ बसते. कळ दाबली की तिथली आडवी तार उभ्या तारेला टेकते. आतला नियंत्रक एकेका आडव्या तारेत पाळीपाळीने वीज सोडतो आणि ती कोणत्या उभ्या तारेतून बाहेर येते ते पाहतो. ही फेरी दर सेकंदाला शेकडो वेळा होते.

समजा, पहिल्या आडव्या तारेवर १ आणि २ या कळा आहेत, दुसरीवर ३ आणि ४. पहिल्या उभ्या तारेवर १ आणि ३, दुसरीवर २ आणि ४. आपण १, २, ३ दाबल्या. नियंत्रकाने दुसऱ्या आडव्या तारेत वीज सोडली. ती ३ मधून पहिल्या उभ्या तारेत आली, हे खरे. पण तिथून ती १ मधून उलटी पहिल्या आडव्या तारेवर चढली आणि २ मधून दुसऱ्या उभ्या तारेत उतरली. नियंत्रकाला वाटले, ४ दाबली आहे. चौकोनाचे तीन कोपरे जोडले की चौथा आपोआप साक्षीला उभा राहतो!

यावर स्वस्तातला उपाय असा की, असा चौकोन दिसताच नियंत्रकाने शेवटची कळ मोजायचीच नाही. खोटी साक्ष टळते खरी. पण तीन कळा दाबल्या की चार, हे त्याला ओळखता येत नसल्याने खरी साक्षही फेटाळली जाते. मग 'ल'ही धड उमटत नाही आणि 'प'ही नाही. दुसरा उपाय तारांच्या मांडणीचा. शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या नेहमी जोडीने दाबायच्या कळा वेगळ्या तारांवर ठेवतात, म्हणून 'क'च्या कळीसह शिफ्ट दाबून 'ख' लिहिताना आपल्याला अडचण येत नाही.

मुळावरचा उपाय म्हणजे प्रत्येक कळीपाशी एकेक डायोड बसवणे. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. तसा डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. आडव्या तारेतून उभ्या तारेत जाण्यास मुभा, उलट येण्यास बंदी. मग १ मधून वर चढण्याची चोरवाटच बुजते, आणि किती का कळा दाबा, प्रत्येक कळ आपल्यापुरतेच बोलते. मात्र साध्या कळफलकात तारा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांवर छापलेल्या असतात. तिथे शंभर डायोड बसवणे खर्चाचे पडते, म्हणून बहुतेक कारखानदार पहिल्या दोन उपायांवरच भागवतात.

तेव्हा अंध विद्यार्थ्यासाठी कळफलक विकत घेताना दुकानातच एक परीक्षा करावी. लिहिण्याचे कोरे पान उघडून एफ, डी, एस, जे, के, एल या सहा कळा एकदम दाबाव्यात. सहाच्या सहा अक्षरे उमटली पाहिजेत. मग त्यांतल्या तीन-तीन, चार-चार निरनिराळ्या तऱ्हेने दाबून पाहाव्यात. एकही अक्षर कमी नको आणि जास्त नको. भारती ब्रेलमध्ये 'ढ' लिहायला सहाही टिंबे लागतात, हे ध्यानात असू द्यावे.

डोळस माणूस चुकलेले अक्षर पडद्यावर पाहून पुसतो. ज्याला ते प्रत्येक वेळी ऐकून वा चाचपून शोधावे लागते, त्याने आपल्याच बोटांवर संशय घेत बसावे, हे काही बरे नव्हे. दोष बोटांचा नसून तारांचा आहे, एवढे जरी आपण त्याला सांगू शकलो, तरी या अर्ध्या घटकेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.