ऑपरेशन झालं की अंग सुटतं?

राळेगणसिद्धीची पंचसूत्री महाराष्ट्राला पाठ आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. 1992 साली आदर्श गाव योजनेने तीच राज्यभर नेली. त्यातल्या नसबंदीचा भार मात्र बायकांनीच उचलला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) राज्यातल्या सुमारे 49 टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदी एक टक्काही भरत नाही. आणि या बायकांचं वजन वाढलं की पारापासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत एकच निदान: "ऑपरेशन झालंय ना, मग अंग सुटणारच." शिकलेली माणसंही हे बोलतात, तेव्हा वैताग येतो.

शस्त्रक्रियेत बंद होते ती बीजवाहिनी, स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणारी नळी. संप्रेरकं तयार होतात बीजकोशात आणि थेट रक्तात मिसळतात. त्या नळीशी त्यांचा संबंधच नाही. बीजकोश शाबूत, पाळी चालू, मग चरबी वाढवली कुणी? यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलेलं खरं असतं, लावलेलं कारण खोटं. शस्त्रक्रिया होते ती बहुधा तिशीच्या आत, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर. आधीच्या गरोदरपणांतलं वजन पुरतं उतरलेलं नसतं, डिंकाचे लाडू चालू असतात, आणि 'जड उचलू नकोस' हा काही दिवसांचा सल्ला वर्षानुवर्षं पाळला जातो. नवऱ्याने नसबंदी करून घेतली असती तरी या खाण्यापिण्यावर तिचं वजन वाढलंच असतं. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर गोष्ट वेगळी; तिथे रजोनिवृत्ती एकदम येते. 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शननेही काहींचं वजन वाढतं, हे मान्यच. पण नळी बांधण्यावर खापर फोडलं की थायरॉईड आणि साखर तपासायची राहते, आणि झालेलं ऑपरेशन काही परत फिरत नाही म्हणून बाई प्रयत्नही सोडते.

बाकीचे समज थोडक्यात. गरोदरपणी दोन जिवांचं खायचं नसतं. आयसीएमआरच्या हिशेबाने रोज सुमारे 350 कॅलरी जास्त पुरतात. मुलीची पाळी अनियमित आणि वजन वाढतंय, तर 'लग्नानंतर सुधारेल' म्हणत बसू नये, पीसीओएसची तपासणी करावी. पाळी गेल्यावर चरबी पोटाकडे सरकते आणि स्नायू घटतात. तेव्हा नुसतं जेवण तोडून भागत नाही, डाळी-अंडी आणि ताकदीचे व्यायाम लागतात. आणि 'शेतात राबणारीला कसला लठ्ठपणा' हे तर कंबर मोजल्याशिवाय म्हणूच नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही दाखवून दिलं, की वजन कमी असलं तरी चरबी त्या मानाने जास्त असू शकते. भारतीय स्त्रीच्या कंबरेची मर्यादा 80 सेंटिमीटर आहे.

तरीही शंका असेल, तर घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. त्यावर गरोदरपणातली वजनं असतात. शस्त्रक्रियेच्या दिवशीचं वजन त्याखाली लिहा, त्या तारखेआधीच किती किलो चढले होते ते बघा, आणि मगच ऑपरेशनला बोल लावा.